जुन्या फोनात न दिसणारं नाव

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही. थकले असेन बहुतेक.

वाशिमला एका मोठ्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात मी नोकरी करते. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या हेड ऑफिसातून फर्मान आलं — आता सगळं काम एका ॲपवर. फेसबुकसारखंच, पण फक्त कंपनीतल्या माणसांसाठी. कुणी काय पाहिलं, काय केलं ते तिथे टाकायचं, बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवायची. आमच्या ऑफिसातली सगळ्यात तरुण मीच, म्हणून शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि खोटं कशाला बोलू — मला ते आवडलं होतं. चार पुरुष मान खाली घालून माझ्याकडून काहीतरी शिकतायत, हे कुणाला आवडणार नाही?

त्यात देविदासभाऊ होते. वाशिमजवळच्या शेलूबाजारचे. वीस वर्षं त्या भागातली शेतं आणि दुकानं सांभाळणारे, पण नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. मी नवीन असताना उगवण कशी तपासायची ते त्यांनीच मला शिकवलं. ओलं पोतं घ्यायचं, त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि चार दिवसांनी कोंब मोजायचे. कंपनीची प्रयोगशाळा होती, तरी ते पेरणीआधी दुकानात आलेल्या प्रत्येक लॉटमधले मूठभर दाणे घरी नेऊन हा उद्योग करायचे. कुणी सांगितलं नव्हतं.

ॲपचं मात्र त्यांना जमेना. मी खातं उघडून दिलं, पासवर्ड त्यांनी वहीत लिहिला आणि वही कुठेतरी ठेवली. मी वैतागायचे. ते हसायचे.

त्याच वर्षी जूनमध्ये ते मोटारसायकलच्या मागे पोतं बांधून थेट ऑफिसात आले. माझ्या टेबलावरच उलगडलं. शंभरातले निम्मे दाणेही उगवले नव्हते. आमच्याच कंपनीचा लॉट, चार दुकानांत पोचलेला. ते म्हणाले, "पोरी, हे तुह्या मोबाइलवरून टाकून दे. पन माहं नाव टाकजो."

मी फोटो काढला. लिहायला घेतलं — "देविदासभाऊंनी केलेल्या चाचणीत". मग वाटलं, पुण्यात देविदासभाऊ कोण हे कुणाला माहीत? खोडलं. "आम्ही केलेल्या" असं लिहिलं. तेही खोडलं. "मी केलेल्या चाचणीत" — आणि पाठवून दिलं. किती वेळ लागला असेल? चहा निवायच्या आत झालं सगळं.

संध्याकाळपर्यंत लॉट परत मागवला गेला. शेकडो घरांची दुबार पेरणी टळली, हे खरंच आहे. ॲपवर टाळ्यांचा नुसता पाऊस. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. देविदासभाऊ माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते, आम्ही एकाच लॅपटॉपसमोर बसलो होतो. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. पुढचं आपलंच नाव असेल असं त्यांना वाटलं असणार. मीटिंग संपली.

दुसऱ्या दिवशी वही शोधून, ॲप उघडून त्यांनी फोन पुढे केला. "माहं नाव दिसून नाई राह्यलं याच्यात. काहून?"

तेव्हा सांगता आलं असतं. चूक झाली भाऊ, आत्ता दुरुस्त करते — एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हाय ना भाऊ, खाली. तुमचा फोन जुना हाय, त्याच्यात दिसत नाई."

त्यांनी मान हलवली. फोनच्या बाबतीत मी म्हणेन ते खरं, असं त्यांनी धरलेलं होतं. मीच तर शिकवणारी. मग शेलूबाजारात दुकानादुकानांतून सांगत फिरले — पुण्याच्या कॉम्प्युटरात आपलं नाव लागलंय. एका दुकानदारानं मला ते कौतुकानं सांगितलं. मी हो म्हणाले.

वर्षअखेर यादी आली. ॲपवर वर्षभरात एकही नोंद नसलेली, करार वाढवायचा की नाही ते ठरवायची माणसं. मी तोवर टीम लीडर झाले होते, म्हणून यादी माझ्याकडेच. देविदासभाऊंच्या नावापुढे शून्य, आणि शेजारी शेऱ्यासाठी रिकामी चौकट. एक ओळ पुरली असती. पण ती ओळ लिहायची म्हणजे त्या जूनचं सगळंच लिहायचं. माझी बढती, ॲपवर झळकलेला माझा फोटो, सगळं. मी चौकट रिकामी ठेवली आणि यादी पाठवली. त्यांचा करार पुढे वाढला नाही.

मला वाटलं, ते येऊन भांडतील. मी वाट पाहत होते, खरं तर भांडावं असंच वाटत होतं. ते आले तीन-चार महिन्यांनी, धुतलेला सदरा घालून. खिशातून कोरा करकरीत फोन काढला, अजून वरची पारदर्शक पट्टीही काढली नव्हती. "आता दाखव पोरी. हा नवा हाय, याच्यात दिसन."

माझा फोन समोर टेबलावर होता. दोनदा बोट टेकवलं की ती नोंद उघडली असती. मी त्यांचा फोन हातात घेतला, उगाच इकडेतिकडे दाबलं आणि म्हणाले, "तुमचं खातं बंद झालं ना भाऊ. आता नाई दिसत."

त्यांनी फोन परत खिशात ठेवला. मग विचारलं, "पन होतं ना?"

"होतं, भाऊ."

"मंग झालं," म्हणाले. चहा घेतला, माझ्या मुलीचं विचारलं आणि जीप पकडायला गेले.

अजूनही जून आला की ते पोतं ओलं करतात, ऐकते मी. लोक आपलं बियाणं घेऊन त्यांच्याकडेच जातात. आणि मी? मी नव्या लोकांना ॲप शिकवते. छान शिकवते म्हणतात.

ती नोंद आहे तिथेच आहे. मी अधूनमधून उघडून पाहते. खाली उजवीकडे एक बटण आहे, 'बदल करा'. ते चालतं. लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं कधीही दुरुस्त करता येतं — हे मीच सगळ्यांना शिकवते. मी ते आजवर दाबलेलं नाही.