रहाटाची झोप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मी सांगायचा थांबेन! माझी फजिती मीच सांगतोय, तेव्हा निदान कप तरी पुन्हा भरा.

मी तेव्हा विशीतला. मुरुडला आमची नारळी-सुपारीची वाडी. आणि मी? सदा दमलेला! उठलो की दमलेला, जेवलो की दमलेला. आरतीला टाळ वाजवता वाजवता डोळा लागायचा. वैद्यबुवा म्हणाले, "रक्त कमी आहे," आणि कडूजहर काढा दिला. आत्याने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारच्या हसनचाचांनी बसऱ्याचा खजूर दिला. "रोज सात खा बेटा, घोड्यासारखा पळशील!" खाल्ला. घोडा कसला पळतोय, तोंडात खजूर तसाच ठेवून झोपायला लागला!

खरं कारण कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. वाडी शिंपण्यासाठी मध्यरात्र उलटल्यापासून विहिरीवर रहाट चालायचा. पवळ्या बैल गोल गोल फिरायचा, रहाट करकरायचा आणि मी माडाला टेकून झोपायचो. करकर थांबली म्हणजे बैल थांबला! मग झोपेतच ओरडायचो, "चल रे मेल्या!" तो चालू लागायचा, मी घोरू लागायचो. सगळेच वाडीवाले असे झोपायचे हो. आता पंप आले, ती करकर गेली. खरं सांगतो, फार आठवते.

पण माझ्या थकव्याची बातमी खाडीपार पोचली. "पोराला क्षय आहे म्हणे!" दोन स्थळं मोडली. तिसरं आलं दिघीचं. बाबांनी दम भरला, "हे गेलं तर जन्मभर असाच राहशील. तिथं ताठ बस!"

आगरदांड्याला होडीत बसलो नाही तोच माझी मान कलली. होडीवाला बाबांना म्हणाला, "याला बायको कशाला बगताव? उशी द्या की!"

दिघीला ओटीवर बसलो. पोहे आले. मुलगी, गोदा, मान खाली घालून समोर बसली. मी असा ताठ, की विचारू नका! तेवढ्यात उन्हं उतरली आणि मागल्या वाडीत त्यांचा रहाट सुरू झाला. करकर... करकर...

संपलं!

पुढचं मला बाबांनी सांगितलं. माझं नाक पोह्यांना टेकलं. बाबा चिमटे काढतायत, मी ढिम्म. मग मागचा रहाट थांबला. मी ताडकन उठलो, मुलीचे वडील शेजारी बसलेले, त्यांच्या पाठीत सणसणीत थाप मारली आणि ओरडलो, "चल रे मेल्या, थांबतोस काय!"

बाबांनी कपाळाला हात लावला. आणि मागचा त्यांचा बैल, माझा आवाज ऐकून, मुकाट चालू लागला हो! करकर... करकर...

मी पुन्हा झोपलो.

शेवटी तोंडावर पाणी मारून उठवलं. गोदाचे वडील पाठ चोळत म्हणाले, "तुमच्या रहाटावर कोण असतं?"

"मीच."

"मग झोपता केव्हा?"

"रहाट चालू असतो तेव्हा."

ते खो खो हसले. "अहो, कसला क्षय आणि कसलं काय! पोराला सलग झोप नाही. रहाटावर गडी ठेवा आणि याला आठ दिवस पोटभर झोपू द्या. काढा द्या ओतून!"

बाबांनी गडी ठेवला. मी झोपलो, अगदी मनसोक्त झोपलो, आणि आठ दिवसांत माणसात आलो. नवव्या दिवशी दिघीहून होकार! माझा तर विश्वासच बसेना.

लग्नानंतर एकदा ऐटीत विचारलं, "काय गं, काय पाहून हो म्हणालीस? कष्टाळू वाटलो ना?"

गोदा सुपारी कातरत होती. तिचा तो शांत आवाज अजून कानात आहे.

"कष्टाळू? अहो, तुमच्याआधी सहाजण येऊन गेले. कुणी गायला लावलं, कुणी चालायला लावलं, एकाने तर वेणी सोडून केस मोजायचेच बाकी ठेवले. तुम्ही एकटेच असे आलात, की एक प्रश्न विचारला नाहीत. आईला म्हटलं, हाच बरा. झोपेल, पण छळणार नाही!"