सरकारला च्या पाजा

वेचणीच्या दिवसांत कापसाचे पुंजके घराच्या कोपऱ्यात कसे जमतात, झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी हाजर! ज्या घरी शिकणाऱ्या पोरी भाड्यानं राहतात, तिथं किस्से असेच साठतात. मी शाळेत गेलो न्हाई, पण एम.ए. मात्र दोन वर्षं कानानं ऐकलं. भोकरदनला आमच्या पुढच्या खोलीत राजूरची प्रज्ञा अन् टेंभुर्णीची रेणुका राहायच्या. कोणत्या देशाचं सरकार म्हाताऱ्या-आजाऱ्याला कसं सांभाळतं, त्याची तुलना करायची, असा त्यांचा विषय!

* * *

दुसऱ्या वर्षी आमच्या म्हातारीला, म्हंजे माझ्या बायकोला, लकवा मारला. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणले, "पहिले काही महिने रोज व्यायाम करून घ्या, तरच बाई उठून चालंल."

मी करायला गेलो, तर माझेच हात थरथरतात. म्हातारी वरडली, "नीट करायलात का मोडायलात?"

सरकारी दवाखान्यात व्यायाम करवणाऱ्याची चौकशी केली. शिपाई म्हणला, "बाबा, जागा हाय, माणूस न्हाई!"

* * *

परीक्षा जवळ आली. पोरींच्या काही ध्यानात राहीना. प्रज्ञाला युक्ती सुचली. रोज एक देश घ्यायचा अन् तिथल्या सरकारासारखं आजीशी वागायचं!

पहिला स्वीडन. सकाळीच प्रज्ञा दारात. "आजी, मला सरकारनं पाठवलंय!" हातपाय चोळले, व्यायाम करून घेतला, वरून वेणी घातली.

म्हातारी मला म्हणली, "बघता काय? सरकारला च्या पाजा!"

* * *

मंग इंग्लंड. रेणुका दारातूनच म्हणली, "आजी, इलाज फुकट. पण नंबर लागंल तवा." अन् गेली अंगणात धुणं धुवायला.

म्हातारी नंबराची वाट बघत पडून राह्यली. मंग हळूच म्हणली, "माझ्यापुढं कोण हाय गं?"

"दारातली शेळी."

"तिला जल्दी सोड की मंग!"

* * *

अमेरिकेच्या दिवशी प्रज्ञानं विचारलं, "आजी, विमा हाय का?"

"न्हाई बाई."

"मंग मी नुस्तं बघणार. हात लावणार न्हाई."

खाटंपाशी बसून पोरगी तो वाळला हात बघत राह्यली अन् मुळूमुळू रडायलाच लागली. म्हातारीच डाव्या हातानं तिला थोपटायली. "उगी. लईच गरीब देश दिसतो."

कोणताबी देश असो, संध्याकाळी दोघी व्यायाम घ्यायच्याच. अन् एक दिवस म्हातारी खाटंच्या कडंचं लाकूड धरून उभी राह्यली! माझ्या हातातला तांब्या पडला.

* * *

हे ऐकून त्यांचे सर घरी आल्ते. म्हातारीला उजवा हात उचलायला लावला, फोटो काढला. खूश झाले. "आजी, तुमच्यासारख्यांसाठी नवं धोरण येऊन राह्यलं. थोडा धीर धरा."

म्हातारी म्हणली, "तवर हात असाच वर धरू का?"

* * *

परीक्षा झाली. दोघी चांगल्या पास झाल्या, कामाला लांब गेल्या. त्यांनी तरी किती दिवस बसायचं? निघताना प्रज्ञानं मला सगळा व्यायाम दोनदा करून दाखवला. समजला बराबर. पण माझ्या हातांना समजंना.

आता म्हातारीची बोटं पुन्हा मिटत चालली. उठून उभं राहणं तर बंदच झालं. खोली रिकामी.

परवा सकाळी चूल पेटवत होतो. म्हातारी खाटंवरून म्हणली, "आज कोणता देश हाय?"

मी म्हणलं, "आपलाच."

ती म्हणली, "मंग कवाड लोटून घ्या. वारं येऊन राह्यलं."