माधवच्या शिव्यांची चौकशी

सोमवार होता. अफझलगंजमधल्या आमच्या औषधांच्या गोदामात सकाळचा माल टेंपोत चढत होता, आणि बातमी आली: डिस्पॅचचा माधव सस्पेंड. कारण, अपमानास्पद भाषा. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेली तर दुसरीकडे कोण ठेवणार त्याला? दुपारपर्यंत जो तो माधवचा किस्सा घेऊन माझ्या टेबलाशी. माणूस रोज समोर असतो तेव्हा हे किस्से किती साचलेत ते कळत नाही.

माधवचा कायदा साधा. आपला मानला त्याला शिवी. ज्याच्यावर खरा राग, त्याला 'आप'.

*

टेंपो ड्रायव्हर यादगिरीने एकदा मलकपेठचा माल गौलीगुड्यात उतरवला. माधव शांतपणे म्हणाला, "यादगिरीजी, आप बैठिए."

यादगिरीने गाडीची किल्लीच टेबलावर ठेवली. "नोकरी गई क्या, साब?"

संध्याकाळी माधवने गाढवापासून सुरुवात करून त्याच्या खानदानापर्यंत मजल मारली, तेव्हा कुठे तो किल्ली घेऊन शीळ घालत गेला.

*

बिलिंगची हारिका नवी होती. माधव तिच्याशी फार अदबीने बोले. आठवड्याने ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "अंकल, मेरे से क्या गलती हुई?"

मी माधवला विचारलं. तो म्हणाला, "लेकीच्या वयाची पोर. तिला शिवी कशी देऊ?"

शेवटी तोडगा निघाला. तो तिच्या प्रिंटरला शिव्या देऊ लागला. हारिका खूश.

*

माझी बायको गेली तेव्हा माधव रोज घरी यायचा. "आपण जेवलात का?" विचारायचा. तेरा दिवस आपण, आपण. मला वाटलं, हाही परका झाला.

कामावर परतलो त्या सकाळी त्याने गोदामाच्या दुसऱ्या टोकाहून एक सणसणीत शिवी हासडली आणि वर विचारलं, "डबा आणलास का?"

आणला नव्हता. त्याने आपल्यातली पोळीभाजी माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी मी जेवलो.

*

तक्रार केली ती एचआरच्या देवयानी मॅडमनी. पुण्याहून नव्याच आलेल्या. गोदामात फोन लावला, तर मागे माधवचा आवाज. त्यांना तरी काय म्हणणार? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते झेपत नाही.

मी त्यांना माधवचा कायदा समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पॉलिसीत काय लिहू? कर्मचाऱ्यांना आदराने हाक मारू नये?"

*

चौकशीला मॅडम आणि हेड ऑफिसचे दोघे बसले. माधव इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बाहेरच्या बाकावर.

आधी यादगिरी आत गेला.

"माधव तुम्हाला शिव्या देतात?"

"हौ मॅडम. रोज."

"कधी अपमान वाटला?"

"एक बार लगा."

मॅडमनी पेन उचललं. "तेव्हा काय म्हणाले होते?"

"यादगिरीजी."

मग हारिका झाली, मी झालो. प्रिंटरबद्दलही दोन प्रश्न झाले. चहा आला, बिस्किटं आली. संध्याकाळी समिती उठली, गाडीत बसून गेली. दुसऱ्या दिवशी मेल आला: माधवला कामावरून कमी करण्यात येत आहे.

त्याला आत बोलवायचं राहून गेलं होतं.