हायमभाऊंचे सात दिवस

हायम झिराडकर आणि माझे यजमान पद्माकर यांनी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात, टूलरूममध्ये, एकतीस वर्षं शेजारशेजारच्या यंत्रांवर काम केलं. निवृत्तीनंतर एचएसआर लेआउटमध्ये एकाच इमारतीत दोघांनी घरं घेतली. झिराडकर अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या बायकोच्या, फ्लोराच्या, आणि माझ्या स्वयंपाकात फारसा फरक नव्हता. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी ती शेगडी पेटवत नसे, एवढंच.

हायमभाऊ नियमाचे. कारखान्यात केसाएवढ्या फरकासाठी तयार झालेला भाग भंगारात टाकत. घरीही तेच. त्यांच्या मुलाच्या, डॅनियलच्या लग्नात नवऱ्यामुलाने पायाखाली काचेचा पेला फोडला तेव्हा मी दचकले.

"तसंच असतं, वहिनी," ते म्हणाले. "आनंदात थोडं दुःख घालायचं. नुसता आनंद आम्हाला पचत नाही."

"आणि दुःखात काय घालता?" पद्माकरांनी विचारलं.

"दुःखात तुझ्यासारखे मित्र येऊन डोकं खातात. तेवढं पुरतं."

चार वर्षांपूर्वी पद्माकर गेले. तेरा दिवस हायमभाऊ रोज संध्याकाळी येऊन भिंतीशी सतरंजीवर बसत. त्या तेरा दिवसांत मला कोणी ऊठ म्हणालं नाही. तेवढ्यावर मी पुढचे दिवस काढले.

गेल्या वर्षी सहा ऑक्टोबरला, सोमवारी, पहाटे पाच वाजता फ्लोरा गेली. यकृताचा आजार होता, तीन महिने अंथरुणाला खिळली होती. त्याच दिवशी सूर्यास्ताला त्यांचा सुक्कोथचा सण लागत होता. त्यात नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालून त्याखाली जेवायचं असतं. हायमभाऊंनी आदल्या दिवशीच गच्चीवर तो बांधला होता. फ्लोराला खुर्चीत बसवून वर न्यायचा त्यांचा विचार होता.

सणात दफन करत नाहीत, म्हणून सगळी घाई. दफनाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बेंगळुरूत ज्यू हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. दहावा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळहून, येता येता साडेतीन वाजले. दफनभूमीचा रखवालदार आभाळाकडे बघत "अण्णा, स्वल्प बेग", जरा लवकर, म्हणत राहिला. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

त्यांच्यात दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्याने द्यायचं असतं, उकडलेली अंडी आणि पाव. फ्लोरानेच मला हे सांगून ठेवलं होतं. मी ताटली घेऊन वर गेले. दिवाणखान्यात जमिनीवर गादी घातली होती. हायमभाऊ तिच्याशेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून, घड्याळाकडे बघत.

"बसा हो," मी म्हटलं.

"थोडं थांबा, वहिनी."

"थांबा काय? पहाटेपासून उभे आहात."

"सहा वाजू देत. मग बसतो."

मला वाटलं, थकव्याने काहीतरी बोलताहेत. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना गादीवर बसवलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मी अंडं सोलून दिलं, त्यांनी खाल्लं. पाच पन्नासला इस्रायलमधल्या अश्दोदहून डॅनियलचा फोन आला.

"पप्पा, बसलात ना?"

"बसलो."

"बरं झालं. सुटलात."

सहा वाजून सहा मिनिटांनी हायमभाऊ उठले. तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला.

"अहो, उठलात का?"

"संपलं, वहिनी."

"काय संपलं?"

"सात दिवस."

मग त्यांनी समजावलं. आमच्यात दुःखाला बसायचे दिवस तेरा, त्यांच्यात सात. पण सण लागण्याआधी घडीभर जरी कोणी दुःखाला बसला, तरी सण बाकीचे दिवस पुसून टाकतो. सगळ्यांचा आनंद एकट्याच्या दुःखापेक्षा मोठा धरतात. मात्र बसायच्या आतच सण लागला, तर तो पार पडल्यावर पूर्ण सात दिवस मिळतात.

"म्हणून उभे होतात?"

ते मांडवात दिवा लावायला गेले.

त्या दिवशी कोजागिरी होती. दूध आटवायला गच्चीवर आलेल्यांनी हायमभाऊंना मांडवात बसून जेवताना पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले.

"जेवायला या. सणाच्या आनंदात कोणाकोणाला घ्यायचं त्याची आमच्याकडे यादी आहे. मुलगा, मुलगी, घरची नोकरमाणसं, परका, पोरका, विधवा. मुलगा येऊ शकत नाही, मुलगी नाही. तुम्ही तरी या."

"पद्माकर असताना कधी या यादीतून बोलावलं नाहीत."

"तेव्हा तुम्ही यादीत बसत नव्हतात."

झावळ्यांना डाळिंबं बांधली होती. वरून ऊन गळत होतं. त्यांनी मला भात वाढला, फ्लोरा वाढायची तसाच, जरा जास्त. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "मी तुम्हाला बसवलं."

"हो."

"सांगायचं होतं मला."

"काय सांगू? माझं दुःख मला पुढे ढकलायचंय म्हणून? दफन झालं की बसायचं, असा नियम आहे. मी चुकवत होतो. सबंध आयुष्यात पहिल्यांदा."

"मग ते बसणं धरू नका. सण झाला की बसा सात दिवस. कोण बघतंय?"

"पत्रा एकदा कापला की कापला. पद्माकरला विचारा."

ते जेवत राहिले. सणात रडायचं नसतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. ते वारंवार पाणी पीत होते त्यावरून समजलं.

नऊ दिवसांनी सण संपला. मांडव उतरवायला त्यांना अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे दूध आणायला खाली उतरले. कोणी भेटायला आलं नाही. जमिनीवरची गादी उचलली होती, कोणी आल्यावर बसायचं कुठे, हेही ठरलेलं नव्हतं. तळमजल्यावरची विद्या मला जिन्यात म्हणाली, "अंकल किती छान सावरले ना, आजी? सणसुद्धा केला."

मी तिला म्हटलं, "वर जा आणि त्यांच्याजवळ थोडी बस."

"सरी, बरं आजी. शनिवारी जाते," ती म्हणाली.

ती गेली की नाही, मला माहीत नाही. मी रोज पाच वाजता जाते. ते दार उघडतात, चहा करतात, डॅनियलच्या मुलांचे फोटो दाखवतात. फ्लोराचं नाव ते काढत नाहीत, आणि एकदा त्यांना बळेच बसवल्यावर आता ते काढायला लावायचं धाडस मला होत नाही.