माझ्याकडं तर दिसतंय

संत तुकाराम नगरचा रणजीत चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. कामगारानं स्वतःच्या गेजनं मापून आणलेला जॉब, म्हणजे तयार भाग, तो कधी पास करायचा नाही. दुसऱ्या गेजनं मापल्याशिवाय काही खरं मानायचं नसतं, असं तो सगळ्या लाइनला ऐकवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र हाच गडी छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या वेबसाइट बनवायचा, आपल्याच लॅपटॉपवर बघायचा आणि आपणच पास करायचा.

महाळुंग्याच्या चिमाजीकाकांची वेबसाइट अशीच झाली. काकांची पत्र्याचे ब्रॅकेट बनवायची शेड. फोटो दसऱ्याचे, कारण शेड झाडलेली आणि प्रेस मशीनला झेंडूचे हार, असं वर्षातून त्याच दिवशी असतं. एका मोठ्या कंपनीचे परचेसचे साहेब काकांना काम द्यायच्या विचारात होते. आधी वेबसाइट बघतो, म्हणाले होते.

काकांचा फोन आला, फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात. रणजीतनं लॅपटॉप उघडला. सगळे हार जागच्या जागी.

"काका, माझ्याकडं तर दिसतंय. तुमचं नेट गंडलंय."

पुन्हा फोन आला तेव्हा तो वैतागला. मोबाइल जुना झालाय, नवा घ्या, असं चढ्या आवाजात म्हणाला. काकांनी बिचाऱ्यांनी नवा घेतला. चौकटी त्यातही रिकाम्याच.

शेवटी सेकंड शिफ्ट होती म्हणून एका सकाळी रणजीत शेडवर गेला, काकांना शहाणं करायला. लॅपटॉपवर फोटो दाखवले. काकांनी मान डोलावली. दोष आपलाच, म्हणाले. मग रणजीतनं सहज आपल्या मोबाइलवर वेबसाइट उघडली. रिकाम्या चौकटी.

त्याचे कान तापले. फोटो त्यानं इंटरनेटवर चढवलेच नव्हते. पानात पत्ता दिला होता तो स्वतःच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरचा, म्हणून ते जगात एकट्या त्या लॅपटॉपला सापडत होते. लाइनवर कुणी असं केलं असतं, तर यानंच चारचौघांत त्याची सालटी काढली असती.

काकांना काही न सांगता त्यानं फोटो चढवले, पत्ते बदलले. काकांच्या मोबाइलवर हार दिसायला लागले. काका हरखले आणि लगेच साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

"साहेब, आता बघा. आमचंच नेट खराब व्हतं. आमच्या रणजीतरावांनी नीट केलं."

साहेब म्हणाले, रिकाम्या चौकटी बघून काम कालच दुसरीकडं दिलं. ज्याला साधं नेट सांभाळता येत नाही, त्याच्यावर एवढं काम कसं सोपवायचं, असंही हसत म्हणाले. काका 'व्हय साहेब, चुकलंच' म्हणत राहिले. रणजीत शेजारीच उभा होता. एक वाक्य पुरलं असतं. तो चार्जरची वायर गुंडाळत राहिला.

फोन ठेवून काकांनी चहा मागवला आणि उलट त्याचीच माफी मागितली, उगाच तुमच्या कामावर संशय घेतला म्हणून. रणजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून त्यानं सांगून टाकलं, नेटही चांगलं होतं, मोबाइलही चांगला होता, चूक माझी होती.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"रणजीतराव," ते म्हणाले, "साहेब फोनवर व्हते, तवा का न्हाई बोलला?"