येळवशीचं पाणी

हाळदवाडीच्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक मोठा चौकोन आहे. त्यात पांढऱ्या ऑइलपेंटने महिने लिहिलेत आणि प्रत्येक महिन्यासमोर आकडे. गावातल्या बावीस विहिरींत काठापासून किती फुटांवर पाणी आहे, त्याची ती सरासरी. उदगीरहून देगलूरकडे जाणारी एसटी इथं मिनिटभर थांबते, तेव्हा खिडकीतूनही तो फळा वाचता येतो. इतक्या वर्षांच्या आकड्यांत एकच आकडा खोडलेला आहे. खोडलेला, पण पुसलेला नाही. सतरावर एक आडवी रेघ, आणि शेजारी साडेवीस.

फळा महानंदाबाई बिराजदारांनी रंगवला. आकडे त्यांनी लिहिले आणि ती रेघही त्यांनीच ओढली.

महानंदाबाई नववीपर्यंत शिकल्या. नवरा वीरण्णा, चार एकर रान, दोन म्हशी. काही वर्षांपूर्वी लातूरच्या एका संस्थेची माणसं गावात विहिरी मोजायला शिकवायला आली. शिकायला दहा पुरुष बसले होते आणि चहा करायला महानंदाबाईंना बोलावलं होतं. त्यांनी दाराशी उभं राहून सगळं ऐकलं. दोन महिन्यांत दहांतले नऊ जण आपापल्या कामाला लागले, दहावा पुण्याला गेला. मोजायची टेप मात्र चहाच्या भांड्यांसोबत महानंदाबाईंच्या घरी राहिली होती. तिसऱ्या महिन्यात त्या ती घेऊन बाहेर पडल्या.

टेपच्या टोकाचं वजन पहिल्याच पावसाळ्यात एका विहिरीत पडलं. त्यांनी घरातली एक लहान पितळी वाटी पालथी करून तिथं बांधली. पालथी वाटी पाण्याला टेकली की आत कोंडलेली हवा आवाज करते. टुबुक. तो आवाज आला की टेप काठाशी चिमटीत धरायची आणि आकडा वाचायचा. डोळ्यांनी खोल पाण्याचा अंदाज चुकतो, कानांनी चुकत नाही, असं त्या सांगतात. नियम दोनच. दर महिन्याच्या तीस तारखेला, फेब्रुवारीत शेवटच्या दिवशी, मोजायला निघायचं, आणि मोजायच्या आधी तासभर त्या विहिरीवरची मोटर बंद ठेवायची.

गावातले मोठे शेतकरी किशनराव त्यांना तेव्हा विचारायचे, "काय सूनबाई, आमच्या हिरीची नाडी काय म्हनती? वाचती का आज-उद्या?"

"ताप हाय मामा," त्या म्हणायच्या. "मोटर जरा कमी चालवा."

त्यांनी भाषण कधी केलं नाही. आकडा भिंतीवर लिहिला, एवढंच. चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाची नजर समोरच्या भिंतीवर जाणारच. हळूहळू लोक एसटीच्या वेळेइतक्या सहज पाण्याच्या फुटांबद्दल बोलू लागले. दोन उन्हाळे टँकरवर काढल्यानंतर ग्रामसभेत ठराव झाला. डिसेंबरचं पाणी अठरा फुटांच्या आत असलं तरच ऊस आणि उन्हाळी पिकं घ्यायची. नाहीतर हरभरा, ज्वारी, करडई यांवर भागवायचं. महानंदाबाईंच्या बचत गटाने उदगीरच्या दालमिलवाल्यांकडून एक जुनं यंत्र घेतलं आणि गावचा हरभरा, तूर गावातच भरडायला सुरुवात केली. अकरा बायकांचं काम त्यावर चालू झालं. ठराव सगळ्यांनी पाळला. सगळ्यांत जड गेला तो वीरण्णांना.

वीरण्णांच्या वडिलांनी जन्मभर ऊस केला होता. उसाचा ट्रॅक्टर रस्त्याने गेला की वीरण्णा हातातलं काम थांबवून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे. पाच वर्षं त्यांनी एक एकर तुकडा मनात उसासाठी राखून ठेवला होता आणि पाच वर्षं डिसेंबरचा आकडा अठराच्या पुढं गेला होता.

त्या वर्षी येळवस तीस डिसेंबरला आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे या दिवशी गावात कुणी सापडत नाही. सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोपी म्हणजे खोप, तिच्यात पांडव म्हणून पुजायचे चुना लावलेले पाच दगड, ताकातल्या आंबिलीचं मडकं, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. आदल्या दिवसापासून बायका स्वयंपाकात आणि पुरुष कोपी बांधण्यात, त्यामुळं रानात दुसरं काम नसतं.

"आज राहू दे की मोजायचं," वीरण्णा म्हणाले. "सण हाय."

"तीस म्हंजे तीस," महानंदाबाई म्हणाल्या. "आन आज बरंच हाय. समदे रानातच भेटतेत. एरवी एकेकाला हुडकीत फिरावं लागतंय."

बावीस विहिरी त्यांनी एका दिवसात केल्या. पहिल्यांदाच; एरवी काही दुसऱ्या दिवसावर जायच्या. प्रत्येक विहिरीवर आधी पत्रावळ आली. शेजारच्या नीलाबाईंनी तर हात धरून बसवलं.

"आगं अक्का, सकाळधरनं चार कोप्यांत जेवली मी."

"मग पाचवी आमची. पांडवबी पाचच हायेत."

किशनरावांनी आंबिलीचा पेला पुढं केला. "आधी ही, मग तुजी टेप. आज हिरीचाबी सण हाय."

त्यांची विहीर गावात सगळ्यांत खोल. एरवी तिथं वाटीचा आवाज ऐकायला महानंदाबाईंना काठावर पालथं पडावं लागे. त्या दिवशी उभ्या उभ्या ऐकू आला. टुबुक. इतका स्वच्छ, की किशनरावांच्या सुनेनंही कोपीतून मान वर केली. महानंदाबाई हसल्या. आपले कान सुधारले, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सरासरी काढली. सतरा. दोनदा काढली, तरी सतराच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर आकडा लिहिला तेव्हा मागं दहा-बारा माणसं उभी होती. कुणीतरी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. दोन जानेवारीला सभा झाली, आणि ऊस लावणार म्हणून पहिला हात वर केला तो वीरण्णांनी. त्यांनी किल्लारीकडच्या पाहुण्यांना बेण्यासाठी फोन केला. संक्रांत झाली की टेम्पो येणार होता. चार दिवसांत त्यांनी त्या तुकड्यात सऱ्या पाडल्या. इतक्या सरळ, की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची बोरीची झुडपं सरीतून दिसायची. जेवताना ते बोलू लागले. एरवी ते जेवताना बोलत नाहीत.

दहा जानेवारीला महानंदाबाई हरभऱ्याची भाजी खुडून परत येताना स्वतःच्या विहिरीपाशी थांबल्या. वीरण्णांनी नुकतीच मोटर बंद केली होती. काही कारण नव्हतं, पण वाटी पिशवीत होती म्हणून त्यांनी ती सोडली. येळवशीला याच विहिरीत पाणी सोळा फुटांवर होतं. आता टेप एकोणीस दाखवत होती.

टेप ताणली गेली असेल, म्हणून त्यांनी ती जमिनीवर पसरून हातांनी मोजून बघितली. टेप बरोबर होती. तासभर काठावर बसून त्यांनी पुन्हा वाटी सोडली. साडेअठरा. मग त्या नीलाबाईंच्या विहिरीवर गेल्या. तिथंही अडीच फुटांचा फरक. वाटी वर ओढताना त्यांच्या लक्षात आलं की आवाज नीट ऐकू आला नव्हता. आजूबाजूच्या चार रानांत मोटरी घरघरत होत्या.

येळवशीला त्यांचे कान सुधारले नव्हते. शिवारात एकही मोटर चालू नव्हती. आदल्या दिवसापासूनच नव्हती. एरवी विहिरींना मोजायच्या आधी एक तास उसंत मिळते, त्या वेळी दीड दिवस मिळाली होती. आजूबाजूचं पाणी झिरपून विहिरीत आलं होतं, आणि ते त्यांनी रोजचं पाणी म्हणून भिंतीवर लिहिलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी वीरण्णांना सांगितलं. ते म्हशीला कडबा टाकत होते. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही.

"म्हंजे काय, पानी न्हाई?"

"हाय. पर तेवढं न्हाई."

"कुनाला म्हाईत हाय हे?"

"तुमाला आन मला."

वीरण्णांनी पेंढी सोडली, पसरली. "पाच वर्सं थांबलो मी. तुज्या भिंतीकडं बगून थांबलो. आता भिंतच हो म्हनली, तर तू न्हाई म्हनून राहिलीस." मग म्हणाले, "एक एकरानं गाव बुडत न्हाई."

"तुमी एकलेच न्हाईत. चौदा जनांनी हात वर केलता."

"मग सांग जा. परत तुज्या फळ्याकडं कुत्रंबी बगनार न्हाई."

हे त्यांनी रागानं म्हटलं, पण महानंदाबाईंना भीती त्याचीच होती. उसाचा तुकडा गेला तर एका वर्षाचं नुकसान. भिंतीवरचा विश्वास गेला तर परत कुणी मोटर बंद करणार नाही, आणि अकरा बायकांच्या यंत्रात घालायला हरभराही राहणार नाही. गप्प बसलं, तर एप्रिलमध्ये पाणीच सगळं सांगणार होतं. फक्त तोवर ऊस कमरेएवढा झाला असता आणि तो कुणी मरू दिला नसता. पिण्याच्या विहिरीपर्यंत पाइप टाकले गेले असते.

बारा तारखेला रविवार होता. सकाळी शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. महानंदाबाई उभ्या राहिल्या. येळवशीचं सांगितलं, बंद मोटरींचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "चूक माजी हाय. आकडा चुकीचा पडला."

मग मागून एक जण म्हणाला, "पोटभर भज्जी खाऊन मोजलं की असंच व्हतंय."

हशा झाला. त्या हशात राग होता.

"मंग आधीचे तरी आकडे खरे कशावरनं?" दुसऱ्यानं विचारलं.

किशनराव उठले. त्यांचे तीन एकर उसाचे ठरले होते. "सूनबाई, बोलून काय व्हतंय? टेप आन. आमच्या म्होरं मोज."

बावीस विहिरी, आणि मागं चाळीस-पन्नास माणसं. पोरं पुढं पळून प्रत्येक विहिरीवरची मोटर तासभर आधी बंद करत, मग वाटी खाली. काठावरची माणसं एकमेकांना गप्प करत होती. पुष्कळांनी तो आवाज पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला. किशनरावांच्या विहिरीवर स्वतः किशनराव गुडघे टेकून बसले, आणि आवाज आल्यावर टेप त्यांनीच वाचली. तेवीस. परत वाचली. मग टेप महानंदाबाईंच्या हातात दिली.

ऊन उतरताना सरासरी निघाली. साडेवीस. दोन आठवड्यांचा नेहमीचा उतार अर्धा फूट धरला तरी तीन फूट येळवशीचेच होते; म्हणजे ठरावाप्रमाणे ऊस नाही.

"आता मला सांग," किशनराव म्हणाले. "खरं पानी कोंचं? सनाचं का आजचं?"

"दोनी खरं मामा. दीड दिवस हिरीला कुनी छेडलं न्हाई, तर तिनं तीन फूट माघारी दिलं."

सगळे त्यावर विचार करत असताना वीरण्णा बोलले. दिवसभर ते सगळ्यांत मागं चालत होते. "आमी बैल सोमवारी जुंपत न्हाई," ते खाली बघत म्हणाले. "आज्यापासनं न्हाई. बसवण्णाचा, नंदीचा वार हाय. मग मोटर तरी कशापायी जुंपावी?"

"पोळ्याला मोटरीची शिंगंबी रंगीव मग," कुणीतरी म्हणालं, आणि या वेळचा हशा साधा होता.

ठराव असा काही झाला नाही. पण दुसरा दिवस सोमवारच होता, आणि दुपारपर्यंत शिवारात फक्त चार मोटरी ऐकू येत होत्या. पुढच्या सोमवारी दोन. त्यांतली एक बहुतेक वेळा किशनरावांची असते. विचारलं की ते म्हणतात, गडी विसरला.

त्या वर्षी टँकर आलाच नाही, असं झालं नाही. आला, पण जूनच्या तोंडावर आणि आठच दिवस. वीरण्णांनी पाहुण्यांना बेणं नको म्हणून फोन केला. सऱ्या उन्हाळाभर तशाच उघड्या राहिल्या. पाऊस पडल्यावर त्यांनी वरंब्यांवर तूर टोकली. उसाचा ट्रॅक्टर गेला की ते अजूनही थांबून बघतात.

फळ्यावर महानंदाबाईंनी सतरा पुसला नाही. बघायला आलेल्या एका साहेबांनी सुचवलं, रंग मारून टाका, बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पुसलं तर लोक म्हनतील, आनखी काय काय पुसलं असंल."

आता त्या महिन्यातून दोनदा मोजतात. तीस तारखेला, आणि एका सोमवारी उन्हं कलल्यावर. दुसऱ्या मोजणीसाठी फळ्यावर वेगळा रकाना आहे. त्याला नाव दिलेलं नाही, पण गावात सगळे त्याला येळवशीचा रकाना म्हणतात. तीस तारखेला त्या पिशवी घेऊन निघाल्या की टपरीवरून किशनरावांचा प्रश्न ठरलेला असतो.

"सूनबाई, आज सन न्हाई न्हवं?"

"न्हाई मामा."

"बगून घे. कॅलेंडर बगून घे."

त्यांच्या मागून वीरण्णा चालत असतात. वही त्यांच्या हातात असते. आवाज आला की आकडा ते लिहितात, आणि न विचारता मोठ्यानं एकदा वाचून दाखवतात.