परेशच्या नावाचं खातं

ऋतिका राऊत वसईत घरी बसून माणसं तयार करायची. तिच्या कामाला याहून चांगलं नाव देण्यात अर्थ नाही. इंटरनेटवर काही ठिकाणी लोक आपल्याला आवडलेली पानं खूण करून ठेवतात आणि ती सगळ्यांना दिसतात. एखाद्या दुकानाचं पान पुष्कळ जणांनी असं जतन केलं, की गूगलवर ते वर चढतं, असं तिच्या साहेबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून ऋतिका खोट्या नावांनी खाती उघडायची आणि सातिवलीतल्या धवलभाईंच्या पंपदुरुस्तीचं पान जतन करत सुटायची.

नावं संपली तेव्हा तिने भावाचं घेतलं. परेश सदानंद राऊत. नऊ वर्षांपूर्वी तो वडिलांशी भांडून घरातून निघून गेला, तो गेलाच. पोलीस झाले, नवस झाले. तिने त्याचा हिरव्या शर्टातला फोटोही लावला. तक्रार करायला कोण येणार होतं?

धवलभाईंचं पान होतं तिथेच राहिलं. असल्या खुणांना गूगल हल्ली फारशी भीक घालत नाही. वर चढला तो परेश. त्या पूर्ण नावाचा दुसरा कुणी इंटरनेटवर नव्हताच. नाव शोधलं की पहिला त्याचा चेहरा आणि खाली लिहिलेलं, ‘दोन तासांपूर्वी जतन केलं’. आपणच केलंय हे माहीत असूनही ऋतिकाने मागे वळून पाहिलं. भरदुपारी अंगावर काटा आला. तरी खातं काही तिने पुसलं नाही. उलट रोज त्याच्याच नावाने एक तरी खूण करायची, आणि तेवढ्यापुरता तो कुठेतरी असायचा.

आईसुद्धा रोज फोनवर त्याचं नाव बोलून शोधते, हे तिला कुठे ठाऊक होतं?

मंगळवारी धवलभाईंचा फोन आला. “सकाळपासून एक मावशी गाळ्यात बसल्यात. तुमचा नंबर दिला त्यांनी.”

ऋतिका रिक्षाने धावली. उघड्या पंपांच्या मधोमध स्टुलावर आई बसलेली, मांडीवर सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा डबा. सुकेळी परेशला फार आवडायची.

“तो रोज ह्यांचंच पान बघते,” आई म्हणाली. “म्हंजे इथंच कुठंतरी कामाला हाय.”

“आई, तो नाही गं. मीच करते ते. कामासाठी.”

आईने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. “फोटो पन तूच लावला?”

“हो.”

आईने डबा धवलभाईंच्या हातात दिला. “कामगारांना वाटा,” म्हणाली आणि उठली. ऋतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताच तिने खातं पुसलं. पण गूगलच्या यादीतून पुसलेलं पान लगेच जात नाही. चार दिवस परेश तिथे होता. ऋतिका रोज बघायची आणि तो दिसला की जीव भांड्यात पडायचा. पाचव्या दिवशी दुपारी नाव टाकलं, तर काहीच आलं नाही. तिने पुन्हा टाकलं. पुन्हा.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

“आज परेश दिसत नाय गो. गेला का?”